मुलगी पंधरा वर्षांची आहे, चित्रं बरी काढते. आधुनिक कला संग्रहालयातल्या किशोरांच्या वर्गाला घालावं का? हात सुधारेल का? वर्गात मला मागच्या बाकावर बसू देतील का? आणि संग्रहालयाच्या सार्वजनिक कार्यक्रमांना तिला न्यावं का?

हात सुधारणं एवढाच हेतू असेल तर नका घालू. त्यासाठी साधा ड्रॉइंगचा क्लास बरा. मी सात-आठ वर्षं अशा एका संग्रहालयात तेरा ते अठरा वयाच्या मुलांचे वर्ग घेतलेत. प्रत्येक सत्रात कोणी ना कोणी पालक बाजूला घेऊन विचारायचेच, "मॅडम, शेडिंग कधी सुरू करणार?" शेडिंग येतं ओघात, पण या वर्गांचं खरं काम बघायला शिकवणं हे असतं.

बघायला काय शिकायचं, असं वाटेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजलं होतं, तो अभ्यास २००१ साली छापून आला. सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद, आणि निम्मे लोक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. त्यात शेजारची पाटी वाचण्याचा वेळही आला!

आमच्याकडे एकदा अमेरिकन चित्रकार अ‍ॅड राइनहार्टचं काळं चित्र काही महिन्यांसाठी पाहुणं आलं होतं. १९६० पासून तो पाच फूट बाय पाच फुटांची एकसारखी काळी चित्रं करत होता, त्यांतलंच एक. मुलांना समोर जमिनीवर बसवलं. एक मुलगा लगेच म्हणाला, "हे तर मीपण रंगवीन." म्हटलं, रंगव, पण आधी दहा मिनिटं गप्प बस. तीन-चार मिनिटं चुळबुळ चालली. मग कोपऱ्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, मधे फुली आहे का?" होतीच. चित्रात नऊ चौकोन असतात, कुठल्या काळ्यात किंचित निळा, कुठे लाल, कुठे हिरवा. डोळा सरावल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि मोबाइलच्या फोटोत तर नाहीच नाही. मग सगळेच माना तिरक्या करून बघायला लागले. राइनहार्ट रंगातलं तेल काढून टाकायचा म्हणून पृष्ठभाग असा मखमली होतो आणि बोट लागलं तरी डाग राहतो, हे मी त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. "मीपण रंगवीन" म्हणणारा खरंच रंगवायला बसला आणि तीन आठवडे काळा रंगच कालवत होता. त्याला दोन काळे वेगळे दिसेनात म्हणून वैतागला होता बिचारा.

वर्गात बोलणंही फार असतं. बऱ्याच ठिकाणी अ‍ॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन या कलाशिक्षणातल्या दोघांची तीन प्रश्नांची पद्धत वापरतात: इथे काय चाललंय, कशावरून म्हणतोस, आणखी काय दिसतंय. मला विचाराल तर "कशावरून" हा प्रश्न सोन्यासारखा. घरी वाद घालताना तुमच्यावरही उलटेल, तयारी ठेवा.

मागच्या बाकावर बसू देतील का, असंही तुम्ही विचारलंय. बहुतेक ठिकाणी नाही, आणि देत असतील तरी बसू नका. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९३७ पासून शिक्षणाचं काम उभं करणाऱ्या व्हिक्टर डामिको यांनी लहान मुलांसाठी 'आर्ट कार्निव्हल' भरवलं, तेव्हा दारच मुलांच्या आकृतीच्या मापाचं केलं होतं. मोठी माणसं बाहेर! पंधराव्या वर्षी तर आईबाबांच्या नजरेसमोर कोणी वेडंवाकडं काही करून बघत नाही, आणि इथे तेच करायचं असतं.

सार्वजनिक कार्यक्रमांचं म्हणाल तर व्याख्यानं सहसा मोठ्यांसाठीच रचलेली असतात, मुलं जांभया देतात. गाइडेड टूर कशी होईल ते गाइडवर अवलंबून. पण जिथे सगळ्यांना येऊन काहीतरी करता येतं, अशा खुल्या कार्यशाळेला एकदा मुलीला घेऊन जा. तिथे ती रमली तर वर्गाचा अर्ज भरा. तोही तिलाच भरू द्या, कारण "तुला का यायचंय" हे त्यात विचारतात आणि पालकांनी लिहिलेलं आम्हाला पहिल्या ओळीत कळतं.

काही संग्रहालयांत किशोरांची समितीही असते. मिनीॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये ती १९९६ पासून आहे. तिथे मुलं शिकायला बसत नाहीत, इतर मुलांसाठी कार्यक्रम आखतात. चित्र न काढणारी, पण चार माणसं जमवायला आवडणारी मुलं त्यात फुलतात. तुमची मुलगी चित्रं काढणारी आहे, तर आधी वर्गच. आणि पहिल्या दिवशी साधी पेन्सिल द्या बरोबर, शाईचं पेन दालनात बहुधा नेऊ देत नाहीत.