आधी जागा, आधी वेळ

बेटा,

निरोप वाचला. युद्धातल्या एकाच रात्रीचे म्हणून तीन व्हिडिओ, तिघांचे तीन दावे, घरात बाबा एकीकडे, दादा दुसरीकडे, आणि तू वैतागून ‘काका, आता बातम्या बघणंच बंद करते’ म्हणतेस. कर बंद, पण मग मतही देऊ नकोस, आणि ते तुला जमायचं नाही. तेव्हा नीट ऐक. जागा आणि वेळ ठरल्याशिवाय मत नाही. बाजू कुणाची घ्यायची हा प्रश्न नंतरचा. पहिले दोन सुटले नसतील तर तिथवर जायचंच नाही.

व्हिडिओ आला की थांबवत थांबवत बघ. दृश्य जिथे तुटतं तिथला लगेच पुढचा स्क्रीनशॉट घे, चार-पाच पुरेत. चित्रावरून चित्र शोधणाऱ्या गूगल लेन्सवर आणि यांडेक्सवर ते टाक, तशाच टिनआयवर टाकून सर्वांत जुनं आधी असं लाव. काही हाती नाही लागलं तर चित्राची डावी-उजवी बाजू उलटवून पुन्हा टाक, कारण शोधात सापडू नये म्हणून लोक मुद्दाम तसं करतात; पाट्यांवरची अक्षरं आणि गाडीचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे, यावरून ते कळतं. 4 ऑगस्ट 2020चा बैरूत बंदरातला स्फोट नव्या नव्या नावांनी परत येतो. ‘आर्मा 3’ या खेळातली दृश्यं तर खरं युद्ध म्हणून इतकी फिरली की 2022 मध्ये त्याच्या निर्मात्यांनाच ती ओळखायच्या खुणा सांगाव्या लागल्या: काळोख, धूसर चित्र, हलता कॅमेरा, माणसं जवळजवळ नाहीतच. एवढं बघायला वेळ नसेल, तर पुढे पाठवायलाही वेळ नाही असं समज.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओत मूळ तारीख आणि जागेची नोंद उरत नाही. फोनमध्ये दिसते ती तारीख तुझ्याकडे उतरल्याची. ‘मी स्वतः काढलाय’ म्हणणाऱ्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागव. ती नोंदही बदलता येते, म्हणून तिच्यावरून शोध सुरू करायचा, संपवायचा नाही.

वेळेसाठी सावली बघ. सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा आणि तारीख टाकली की सावलीची दिशा, लांबी सगळं मिळतं; पण आधी गच्चीवर 1 मीटरची काठी सरळ उभी करून बघ. तुमच्या ग्वाल्हेरला 23 सप्टेंबरच्या सुमारास तिची सर्वांत आखूड सावली साधारण 49 सेंटिमीटर, 21 डिसेंबरला 117, आणि 21 जूनला जेमतेम 5. तीही घड्याळाच्या ठोक्याला बारा वाजता नाही. आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची आणि ग्वाल्हेर 78.2 वर, म्हणून 17 मिनिटं उशीर. त्यात ऋतूप्रमाणे थोडं इकडेतिकडे, सप्टेंबरात 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास. हे एकदा हाताने केलंस की ‘जूनमधला दुपारी दोनचा हल्ला’ म्हणून आलेल्या व्हिडिओत खांबाची सावली खांबाच्या दुप्पट कशी, हा प्रश्न आपोआप पडेल.

घड्याळं मात्र चोख लाव. तेहरान तुझ्याहून 2 तास मागे, दोहा अडीच तास. 23 जून 2025ला इराणने इथल्या, कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा दोह्यात संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे दहा. इथे दोह्यात जूनमध्ये सूर्य साडेसहाच्या आतबाहेर बुडतो. त्या हल्ल्याचा म्हणून भर उन्हातला व्हिडिओ कुणी दाखवला, तर वाद घालत बसायची गरज आहे का?

रात्रीच्या व्हिडिओत सावली नसते, तिथे लखलखाट आणि आवाज यांच्यातले सेकंद मोज. उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. 6 सेकंद म्हणजे 2 किलोमीटर. स्फोट क्षितिजावर आणि धडाका त्याच क्षणी, तर आवाज नंतर चिकटवलाय. चित्र तरीही खरं असू शकतं. तरी त्या फाइलवरून मत नाही.

उपग्रहांना दिसलेल्या आगी दाखवणाऱ्या नासाच्या फर्म्स नकाशावरचे लाल ठिपके बघून घाबरणारे तर विचारूच नकोस. त्यातला व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचा एक ठिपका म्हणजे सुमारे 375 मीटरचा चौकोन. तिथे काहीतरी तापलंय एवढंच त्यातून कळतं, कशाने ते नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे नरवाई, म्हणजे गव्हाचे उरलेले खुंट, पेटवतात तेव्हाही तेच ठिपके, आणि इथे आखातात तेलक्षेत्रांवरच्या ज्वाळांचे बारमाही. त्याच जागेचे मागचे दोन महिने उघडून बघ, मग बोल. सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रांत एक ठिपका 10 मीटरचा, चित्र साधारण 5 दिवसांनी एकदा, तीही ढग नसले तर. जळालेलं गोदाम दिसेल, रणगाडा नाही. आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या नकाशावरून विमान गायब झालं म्हणजे पडलं असं नव्हे. लष्करी विमानं अनेकदा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपली ओळख आणि जागा कळवणारं यंत्र, बंद ठेवतात, जीपीएसला फसवलं की धडधाकट विमान भलत्याच विमानतळावर दिसतं.

आता हेच उलट लाव. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उडणाऱ्या विमानांचा व्हिडिओ तुझ्या गच्चीवरून टाकलास, तर किल्ल्याची कड आणि शेजारची पाण्याची टाकी बघून कुणीही तुझं घर शोधेल, मग विमानांची दिशा आणि वेळही. 26 फेब्रुवारी 2019ला बालाकोटवर गेलेली मिराज लढाऊ विमानं ग्वाल्हेरचीच होती. केंद्राने 26 एप्रिल 2025ला माध्यमांना लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण टाळायला सांगितलं ते याचसाठी. गच्चीवरच्या फोनला ते लागू नाही, असं दादाला वाटत असेल तर त्याला हा परिच्छेद वाचून दाखव.

तो मला कुंपणावरचा म्हणतो, हेही कळलं. आखातात अफवा पसरवणं गुन्हा आहे, म्हणून काका गप्प, म्हणे! मला मतं आहेत, चांगली कडक आहेत. पण दुसऱ्याच युद्धातलं प्रेत या युद्धातलं म्हणून फिरलं आणि ते उघडं पडलं, की या युद्धात खरंच मेलेल्यांवरही लोक विश्वास ठेवेनासे होतात. ज्याचं घर खरोखर कोसळलं, त्याचा फोटोही मग खोटा ठरतो. दूर बसलेल्या माणसाच्या हातात एवढंच असतं, आणि ते मी सोडणार नाही. हट्ट म्हणा हवं तर. जागा आणि वेळ ठरल्याशिवाय मत नाही, हे मी त्याच्याही तोंडावर सांगेन.

तुझ्या तिघांपैकी पहिल्यात पेट्रोल पंपाची पाटी आहे आणि मागे दोन मिनार. तिथून सुरू कर. दुसऱ्यात नुसता काळोख आणि ठिणग्या. त्याच्यापुढे ‘ठरलं नाही’ लिही, आणि बाबांनी विचारलं तरी तेच सांग. तिसरा मला पाठव, आणि तुझ्या मैत्रिणीला तो कुणाकडून आला ते विचारून ठेव. रात्री साडेआठपर्यंत मी कामावर असतो, म्हणजे तुझ्या अकराच्या आत फोन करू नकोस.

तुझा,
काका
दोहा