घाटमाथा तुकड्यांनी चालायचा, तर टप्पा कुठे तोडावा?

नोकरी सांभाळून हरिश्चंद्रगड ते भीमाशंकर घाटमाथा शनिवार-रविवार गाठून चालायचाय, टप्पे कसे पाडू, असं तुम्ही विचारलंय. जरूर चाला. टप्पे मात्र किलोमीटर मोजून पाडू नका. पाठीला पिशवी असताना कड्याच्या काठाने अंतराचा हिशेब जुळत नाही. एसटी किंवा जीप मिळेल आणि गावात पाणी असेल, तिथे तोडा. माझ्या मते खिरेश्वर, घाटघर, आंबोली (जुन्नरची, सावंतवाडीकडची नव्हे) आणि आहुपे ही तोडायची गावं. निघण्याआधी गाडीची वेळ गावातच विचारून घ्या.

दुसरं, जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू करा. गड तेवढे करायचे आणि खिरेश्वर-घाटघरसारखा शेताडीचा तुकडा गाडीने उरकायचा, हे मला पटत नाही. माथ्याने चालत नाणेघाटाच्या तोंडाशी आलात, की एवढ्या लांबलचक कड्यात माल वाहणाऱ्या लमाणांचे बैल उतरतील अशा जागा किती मोजक्या आहेत ते कळतं. सातवाहनांनी लेणं आणि शिलालेख याच घाटात का कोरला, तेही मग सांगावं लागत नाही.

सगळ्यात कसोटीचा भाग घाटघर ते आहुपे. जीवधन, ढाकोबा, दुर्ग हे गड ओळखू येतात, चकवतात त्या मधल्या ढोरवाटा. पावसाळ्यानंतर कारवीची झुडपं डोक्याच्या वर जातात, तेव्हा फांद्या बघत चला. माणसांच्या राबत्या वाटेवर डोक्याच्या उंचीला कोयत्याचे तिरके घाव दिसतात. ढोरवाटेवर फांद्या छातीशी येतात, वाट सारखी फुटत जाते आणि कुठल्यातरी डबक्याशी संपते. शंका आली तर मागच्या वाडीत परत या, वाटाड्या घ्या आणि त्याच्या दिवसाची मजुरी बुडतेय हे लक्षात ठेवून पैसे द्या, घासाघीस नको.

हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारी सरला की माथ्यावरचे झरे आटतात, गवत वाळून वणवे लागतात. तेव्हा माणशी चार लिटर पाणी गावातूनच भरून निघा.

आहुपे-कोंढवळ-भीमाशंकर शेवटी ठेवा. तिथली देवराई आणि शेकरू घाईत बघू नयेत. हा पट्टा अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी आधीच विचारा आणि महाशिवरात्रीचा आठवडा टाळा, परतीच्या एसटीत उभं राहायलाही जागा मिळत नाही.