टीपीचं पुस्तक कुणाकडे?

प्रश्न : आमच्या गोंड गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला आहे. यंदा बांबू विकायचा आहे. वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनविभागच देतो असं काहीजण म्हणतात. काहीजण जुन्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत, म्हणजे वनविभाग आणि गावकरी यांच्या समितीमार्फत, विक्री करा म्हणतात. काय करावं?
– एक भगिनी, कोरची तालुका

उत्तर : ताई, मी वनपाल होतो, आणि तसल्याच एका समितीचा सचिव. सभेची वही माझ्या पिशवीत असायची. जंगल राखायचे, वणवा विझवायचे ते गावकरी. सभा मात्र मी वही घेऊन जाईन तेव्हा. हे मला आजही खटकतं. विक्री त्या समितीमार्फत करू नका.

२००६च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, आहे आणि त्याची मालकी हक्कधारकांची. २०१२च्या सुधारित नियमांप्रमाणे टीपी ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा अधिकार दिलेली व्यक्ती देते, आणि त्या निर्णयाला ग्रामसभेची मंजुरी लागते. हे सहज मिळालेलं नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तरी टीपीवाचून बांबू बाहेर नेता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

पण म्हणून वनविभागाशी अबोला धरू नका. मोजणीला, रोपांना त्यांची मदत हक्काने मागा. जंगलाचा व्यवस्थापन आराखडा मात्र ग्रामसभेने नेमलेली तुमची समिती करील. तो विभागाच्या कार्य आयोजनेशी, म्हणजे त्यांच्या जंगल-कामाच्या आराखड्याशी, जोडायचा असतो, पण जोडताना काय बदलायचं तेही समितीच ठरवते.

आराखड्यात आधी तोडीचे नियम लिहा, कारण व्यापारी घाई करतो. पावसाळ्यात तोड नाही, तेव्हा वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, फुटतात. यंदाचे आणि गेल्या वर्षीचे बांबू राखा, शिवाय प्रत्येक रांजीत, म्हणजे बांबूच्या बेटात, काही जुने आधाराला. तोडताना जमिनीलगतचं एखादं पेर सोडा. जंगलाचे भाग पाडा आणि दरवर्षी आळीपाळीने एकेका भागातच तोड करा. रांजी फुलोऱ्यावर आली तर बी पडेपर्यंत हात लावू नका.

टीपीचं पुस्तक आणि सभेची वही गावातच ठेवा, गोटुल, म्हणजे गावाचं सामाईक सभाघर, असेल तर तिथे. ठराव गोंडीत समजावून सांगा, आणि मागे बसलेल्या बायकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय सह्या घेऊ नका.