आई चेंडू हुडकायला गेलीय

या वेळचं पत्र बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलंय. "नाव छापू नका, गावाचंही नको, कारण इथं गोल्फ खेळणारी मी एकटीच आहे," असं तिनं बजावलंय. पत्र सहा पानी आहे. त्यातलं लागेल तेवढं देते.

"मावशी, मी 33 वर्षांची. वडील पुण्यात एका गोल्फ मैदानावर माळी होते, तिथंच खेळायला शिकले. हौशी गटात राज्यात दोनदा पहिली आले. लग्न होऊन इकडं आले. हे ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, मुलगी सहा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मी व्यावसायिक झाले. महिन्यातले आठ-दहा दिवस सरावाला पुण्यात, आईकडं. स्पर्धा वेगळ्या. आषाढात एका स्पर्धेत शेवटच्या दिवशी मी आघाडीवर होते. सकाळी सव्वासातला ह्यांचा फोन आला, लेकराला ताप आहे, औषध किती देऊ? सासूबाई वारीला गेल्या होत्या. त्या दिवशी पंधराव्या होलला (खळग्याला) चेंडू आत घालायला मी तीन पट, म्हणजे हलके फटके, घेतले आणि तिथून सगळं हातातून गेलं. सातवी आले. शेजारीण म्हणते, लेकरू टाकून खेळायला जाते. सासूबाई म्हणतात, इथं माणसाला पाणी नाही आन् तिकडं गवताला पाजतेत. मुलगी विचारते, आई कुठं गेली, तर तिला सांगतात, चेंडू हुडकायला. हे म्हणतात, तुला योग्य वाटेल ते कर. वय चाललंय, आता नाही तर कधीच नाही. दुसरं लेकरू कधी, हेही आहेच. दिवाळीपर्यंत खेळ सोडून द्यावा का?"

बाई गं,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसता गोल्फच दिसला. पंधराव्या होलवर तू दीड पान लिहिलंयस. ग्रीन (होलभोवतालचं बारीक गवत) किती ओलं होतं, चेंडू कुठं वळला, कॅडीनं, म्हणजे बॅग उचलणाऱ्यानं, काय सांगितलं आणि तू काय ऐकलं नाहीस, सगळं. दुसऱ्यांदा वाचताना मी तुझा नवरा हुडकत होते. सहा पानांत त्याची दोनच वाक्यं सापडली. एक सव्वासातचं, औषध किती देऊ. दुसरं, तुला योग्य वाटेल ते कर.

हे दुसरं वाक्य ऐकायला फार गोड आहे. माहेरी सांगितलंस तर म्हणतील, नशीब काढलंस पोरी, अडवत नाही, बोलत नाही. खरंच आहे, अडवत नाही. पण त्या वाक्यात तो स्वतः कुठंय? तू गेलीस तर ते तुझं, राहिलीस तरी तुझं. लेकराला ताप आला तर तोही तुझाच, कारण तू "तुला योग्य वाटलं ते" केलंस ना. माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. उलट बरेचसे चांगले नवरे हेच वाक्य बोलतात आणि आपण पाठिंबा दिला असं मनापासून समजतात. त्याला सांग, मला तुझी परवानगी नकोय, तुझं मत पाहिजे. मी बारा स्पर्धा खेळाव्यात असं तुला वाटतं का सहा? मी नसताना लेकराचं काय काय तू करशील आणि काय तुला जमणार नाही? नाही जमणार म्हणाला तरी चालेल. नाहीला काही उपाय काढता येतो. "तुला वाटेल ते"ला काय उपाय काढणार?

आता त्या सव्वासातच्या फोनचं. तुझ्या खेळातलीच एक गोष्ट सांगते, तुला माहीत असेलच. 1999 च्या अमेरिकन ओपनला, पाइनहर्स्टच्या मैदानावर, फिल मिकलसन पेजर जवळ ठेवून खेळला. बायकोचे दिवस भरले होते. पेजर वाजला की स्पर्धा तिथंच सोडून निघायचं, आघाडीवर असला तरी, हे आधीच ठरलं होतं. पेजर वाजला नाही. शेवटच्या होलवर पेन स्टुअर्टनं लांबचा पट घातला आणि मिकलसन एका फटक्यानं हरला. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. लोक ही गोष्ट बापाच्या मायेची म्हणून सांगतात. (पेजर बाळगणाऱ्या बापाचं कौतुक होतं. आईला मात्र कुणी कौतुकानं विचारत नाही, फोन चालू आहे ना म्हणून.) मला तिच्यात दुसरंच दिसतं. कशासाठी निघायचं आणि कशासाठी नाही, हे ठरलेलं होतं, म्हणून त्याला चार दिवस डोकं शांत ठेवून खेळता आलं. तुमच्या घरात असं काहीच ठरलेलं नाही. त्यामुळं साधा तापही तुझ्या टीपर्यंत, पहिला फटका मारायच्या जागेपर्यंत, येतो.

औषध किती द्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. मुलीचं वजन त्याच कागदावर लिहा, ते वाढेल तसं प्रमाण बदलतं. कोणत्या तापाला घरीच थांबायचं, कशाला दवाखान्यात न्यायचं, आणि कोणत्या वेळी "तू ये" असा फोन करायचा, हे दोघांनी बसून ठरवा. "तू ये" म्हटलं की तू येशील, आघाडीवर असलीस तरी. बाकीचं तुला संध्याकाळी कळेल. सुरुवातीला तुलाच ते जड जाईल, त्याला नाही. सकाळी फोन आला नाही तर आपल्यावाचून घर चाललं, हेही आईला टोचतं. मला टोचायचं. मी बदलीच्या गावी एकटी राहायचे तेव्हा शनिवारी घरी आल्यावर डबे जागच्या जागी दिसले की वाईट वाटायचं.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र मी थोडी त्यांच्या बाजूची आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेल्या बाईला हिरवंगार ग्रीन बघून राग येणारच, आणि तो राग चुकीचा नाही. त्यावर वाद घालू नकोस. खरं आहे म्हण आणि गप्प बस.

पण तुझ्या पत्रात एक ओळ तू जाता जाता लिहून पुढं गेलीस: "सासूबाई वारीला गेल्या होत्या." दरवर्षी जातात का? जात असतील तर तिथंच थांब. पंधरा-वीस दिवस घरातली मोठी बाई घरात नसते. त्या दिवसांत स्वयंपाक कोण करतं, दूध कोण घेतं, देवाला दिवा कोण लावतं, हे त्या निघायच्या आधी लावून जातात. कुणी म्हणत नाही, म्हातारी घर टाकून हिंडायला गेली. उलट पाया पडून वाटेला लावतात. म्हणजे माणूस जाणार, घर चालणार आणि तो परत येणार, ही सवय तुमच्या घराला आहेच. फरक एवढाच की वारीची तारीख पंचांगात असते. तू मात्र दर वेळी आठ दिवस आधी, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, अंग चोरून सांगत असशील की परत जायचंय. ओळखलं का बरोबर?

म्हणून वर्षाचं एकदाच मांड. महालक्ष्म्यांना घरात सगळे असतात, तेव्हा कॅलेंडर घेऊन बस. स्पर्धांवर खुणा कर, पुण्याच्या सरावाच्या दिवसांवर कर, सासूबाईंच्या वारीवरही कर आणि त्या दिवसांत तू बाहेर पडू नकोस. आषाढात तीच चूक झाली, घरातल्या दोन्ही बायका एकाच वेळी बाहेर होत्या. महालक्ष्म्यांचे तीन दिवस तुझ्या हातून सुटता कामा नयेत, मग कितीही मोठी स्पर्धा असो. जॅक निकलॉसनं 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. त्याला पाच मुलं, आणि सलग दोन आठवड्यांच्या वर घराबाहेर राहायचं नाही हा त्याचा नेम होता. तुझा आकडा दहा दिवस असेल, सात असेल. पण आकडा असू दे. सहा वर्षांच्या लेकराला "लवकर येते"पेक्षा "बुधवारी येते" जास्त कळतं.

शेजारणीचं मी मनावर घेतलं नसतं, पण तिच्या एका शब्दावर अडकले: खेळायला. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. कितीतरी लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात. त्यांना कुणी बोलत नाही, कारण ते पोटासाठी आहे. त्यांच्या नाइलाजाची आणि तुझ्या आवडीची बरोबरी मी करणार नाही. त्या बायांना निवड नसते, तुला आहे. आणि बोल त्या निवडीलाच लागतात. पोटासाठी गेलेली चालते, मनासाठी गेलेली चालत नाही. मग तू पत्रात कारणं शोधतेस: देशासाठी, मुलीपुढं आदर्श ठेवण्यासाठी. अगं, तुझं खरं कारण तिसऱ्या पानावर आहे, "जिंकल्यावर जे वाटतं ते दुसऱ्या कशानंच वाटत नाही." तेवढं पुरे आहे. ते घरात तसंच सांग. फक्त त्यासोबत खर्चाची वहीही ठेव. प्रवेश फी, प्रवास, कॅडी, आणि कट चुकल्यावर, म्हणजे स्पर्धेच्या मध्यातच बाद झाल्यावर, हात हलवत परत आलीस ते दिवस. दोन वर्षांत किती गेले, किती आले, हे पत्रात कुठंच नाही आणि मला वाटतं ते तू स्वतःपासूनही लपवतेयस.

"आता नाही तर कधीच नाही" हे मात्र मला पटत नाही. हा काही जिम्नॅस्टिक्स नाही. जुली इंकस्टरनं 2002 मध्ये अमेरिकन महिला ओपन जिंकली तेव्हा ती 42 वर्षांची आणि दोन मुलींची आई होती. कॅट्रिओना मॅथ्यूनं 2009 मध्ये ब्रिटिश महिला ओपन जिंकली ती दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर 11 आठवड्यांनी, आणि तिची बॅग उचलायला तिचा नवरा होता. अमेरिकेतल्या महिलांच्या टूरवर (वर्षभराच्या स्पर्धामालिकेत) खेळाडूंच्या मुलांसाठी 1993 पासून पाळणाघर आहे, हेही विसरू नकोस. तशी सोय तुला नाही, म्हणून त्यांची वर्षं आणि तुझी वर्षं एका मापानं मोजता येणार नाहीत. पण दिवाळी ही मुदत कुणी घातली? तूच ना? लोरेना ओचोआ 28 व्या वर्षी, जगात पहिली असताना थांबली, कारण तिला थांबायचं होतं. तू सातवी आल्याच्या रागात थांबायला निघालीस. रागात घेतलेला निर्णय असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेव.

दुसऱ्या लेकराचा प्रश्न या पत्रात कोंबू नकोस. गोल्फ सोडलास म्हणून लेकरू हवंसं वाटेल असं नाही. तो वेगळा बसून बोलायचा विषय आहे, दोघांनीच, सासूबाई झोपल्यावर.

आणि एक काम या रविवारीच कर. तुझ्या मुलीला दोन वर्षं वाटतंय, आईचा चेंडू हरवतो आणि तो हुडकायला ती पुण्याला जाते. आई केवढी वेंधळी, असा समज झाला असेल तिचा. तिला गावाबाहेरच्या माळावर ने. छोटी काठी हातात दे, चेंडू ठेव, तिला मारू दे. नवऱ्याला बॅग उचलू दे. सासूबाई आल्या तर फारच छान. चेंडू लांब गेलाच, तर हुडकायला त्यांनाच पाठवा.