सासऱ्यांनी माझे पाय धुऊ नयेत, हे कसे सांगू?

लग्नातील एखादा विधी मनाला पटत नाही, परंतु नकार दिल्यास वडीलधारी माणसे दुखावतील, ही अडचण घेऊन माझ्याकडे बहुधा मुली येतात. गेल्या लगीनसराईच्या तोंडावर मात्र एक नवरा मुलगा आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) विवाहविधीत वधूची आई पाण्याची धार धरते आणि वडील वराचे पाय धुतात, ते त्याला नको होते. "ते माझ्या वडिलांपेक्षाही मोठे आहेत. त्यांनी माझ्या पायांना हात लावला तर मला तिथे बसवणार नाही," असे तो मला म्हणाला. होणाऱ्या सासऱ्यांशी बोलताना मात्र हे वाक्य त्याच्या तोंडून आलेच नाही. त्याने प्रथेतील विषमता समजावून सांगितली आणि सासऱ्यांनी "आमच्याकडे असेच होते" एवढे बोलून विषय संपवला.

त्याचे म्हणणे मला मनापासून पटले होते. तरीही सासऱ्यांचा विरोध नेमका कशाला आहे, हे दुसऱ्या भेटीत त्याची वाग्दत्त वधू सोबत आली तेव्हाच कळले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी थोरल्या जावयाचे पाय धुतले होते. धाकट्याच्या वेळी तो विधी गाळला तर मानपानात हात आखडता घेतला असे नातेवाईक म्हणतील, आणि विधीच वाईट ठरवला तर थोरल्या जावयाने काही गैर करून घेतले असा त्याचा अर्थ होईल, या कात्रीत ते सापडले होते. प्रथा चुकीची आहे हे त्यांना जितके पटवावे, तितके ते थोरल्या जावयाच्या बाजूने उभे राहणार, हे उघड होते.

मुलाच्या आईची चिंता निराळी होती. एक विधी गाळल्याने लग्न अपुरे तर राहणार नाही ना, असे तिला वाटत होते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे वर किंवा वधू यांपैकी एका पक्षाच्या रूढीनुसार विवाह करता येतो आणि विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातवे पाऊल टाकताच तो पूर्ण होतो, हे सांगितल्यावर ती निर्धास्त झाली. सासऱ्यांपुढे मात्र कायदा काढू नये, असे मी मुलाला बजावले, कारण त्यांचा प्रश्न मानाचा होता.

मानाचा धागा खुद्द विधीतच होता. गृह्यसूत्रांमध्ये, म्हणजे घरगुती विधींच्या प्राचीन ग्रंथांमध्ये, वराला घरी आलेला आदरणीय पाहुणा मानून पाय धुण्यासाठी पाणी, अर्घ्य (आदराने अर्पण केलेले पाणी) आणि मधुपर्क (दही-मधाचे मिश्रण) देण्यास सांगितले आहे. तेव्हा पाय धुणे तेवढे वगळावे आणि गंध, हार व मधुपर्क सासऱ्यांच्याच हातून आवर्जून घ्यावा, असे आम्ही ठरवले. बोलणे लग्नाच्या महिनाभर आधी, त्यांच्या घरी, चारचौघांत नव्हे तर एकट्यांशी व्हावे, हेही ठरले. आम्ही तीनदा सराव केला. दोनदा "चुकीचे" हा शब्द आलाच. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "काका, तुमचे हात माझ्या पायांना लागलेले मला सोसणार नाही. दादांचा मान तुम्ही केलात तो योग्यच होता. माझा मान तुमच्या हातचा हार आणि मधुपर्क देऊन करा." हेच त्याने पुढे त्यांना सांगितले.

सासरे लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच गुरुजींना फोन केला आणि मुलाला एकच अट घातली की, थोरल्या जावयाला तूच सांग. तो गेला. दादांनी ऐकून घेतले, फारसे बोलले नाहीत.

एक गोष्ट आमच्या हातून राहिली. वधूच्या आत्याने पाय धुण्यासाठी हौसेने चांदीचे ताम्हण आणले होते, तिला कोणीच काही सांगितले नव्हते. ते न वापरता परत गेले आणि ती अबोला धरून बसली. माफी मागावी का, असे मुलाने मला विचारले. निर्णयाबद्दल मुळीच नको, परंतु आधी न कळवल्याबद्दल जरूर मागावी, असे मी म्हणाले. दिवाळसणाला आलेला असताना तो पत्नीसह आत्याकडे गेला आणि "तुम्हाला आधी सांगायला हवे होते, चुकलो," असे म्हणाला. आत्याने त्यावर उत्तर दिले नाही, पण फराळाचे ताट वाढून आणले.