लिनक्सवाला स्वस्त लॅपटॉप आई-बाबांना जमेल का?

तुमचा प्रश्न असा की बजेट कमी आहे, विंडोज नसलेला लॅपटॉप स्वस्तात मिळतोय, पण साठीतल्या आई-बाबांना लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी मोफत प्रणाली, झेपेल का. झेपेल. माझ्या बाबांना झेपलं, ते डोळ्यांनी पाहिलंय.

2008 साली आमच्याकडे आसुसचा ई पीसी 701 आला. 7 इंची स्क्रीन, 512 एमबी रॅम, जेमतेम 4 जीबी जागा, आणि झँड्रॉस नावाचं लिनक्स आधीच घालून आलेलं. चालू केला की इंटरनेट, काम, शिक्षण, खेळ असे कप्पे आणि त्यांत मोठी मोठी चित्रं. आठवड्याभरात बाबा फायरफॉक्समध्ये रेल्वेच्या वेळा बघायला आणि ओपनऑफिसमध्ये सोसायटीची पत्रं लिहायला लागले. आत लिनक्स आहे की आणखी काही, हे त्यांनी कधी विचारलंही नाही.

त्यांना छळलं ते कीबोर्डने. उजवी शिफ्ट जिथे हवी तिथे वरच्या बाणाची कळ होती. कॅपिटल अक्षर काढायला जावं तर कर्सर वरच्या ओळीत! शिवाय स्क्रीनची उंची फक्त 480 पिक्सेल, त्यामुळे काही खिडक्यांचं 'ओके' बटण खाली दिसेनासं व्हायचं. ऑल्ट दाबून खिडकी वर ओढायची, हे मी त्यांना वहीत चित्र काढून दिलं होतं. म्हणजे अडचणी होत्या, पण बऱ्याचशा यंत्राच्या.

मग अशा लॅपटॉपवरून लिनक्स गेलं कुठे? एप्रिल 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने या छोट्या स्वस्त यंत्रांसाठी विंडोज एक्सपी होम विकायची मुदत जून 2010 पर्यंत वाढवली, आणि हळूहळू दुकानांत एक्सपीवालेच दिसू लागले. साधा माणूस आत जे घालून येतं तेच वापरतो. म्हणून लिनक्स टाकायचं काम आई-बाबांवर सोडू नका, लॅपटॉप पूर्ण तयार करूनच त्यांच्या हातात द्या.

दुकानदार म्हणेल, "डॉसवाला आहे (म्हणजे विंडोजशिवाय विकलेला), विंडोज टाकून देतो." बिलावर लायसन्स दाखवणार नसेल तर नको म्हणा. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) घेऊन जा, पैसे देण्याआधी त्यावरूनच लॅपटॉप चालू करा आणि वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा. सेकंडहँडही चालेल. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 जुन्या प्रोसेसरांना घेत नाही, त्यामुळे धडधाकट यंत्रं विकायला निघालीत. एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) आणि 8 जीबी रॅम मात्र बघून घ्या.

टॅली लागत असेल, किंवा जुन्या डीटीपी (छपाईच्या कामाच्या) फॉन्टमधल्या मराठी फायली उघडायच्या असतील, तर विंडोजच घ्या. उगाच ओढाताण नको. घरात प्रिंटर असेल तर त्याचं मॉडेल कळवा, मिंटवर चालतो का ते बघून सांगतो.