मिंग काळातली बरणी? आधी बूड बघा

सिंगापूरच्या विक्रेत्याने दाखवलेली तपकिरी झिलईची, खांद्यावर ड्रॅगन असलेली बरणी 'मिंग काळातली (म्हणजे चीनच्या मिंग राजवटीतली), चारशे वर्षं जुनी' म्हणून घ्यावी का, आणि आईला तिच्यात लोणचं घालता येईल का, असं तुम्ही विचारलंय. वीसेक वर्षं अशा बरण्या हाताळतोय. तुमच्या फोटोंतली बरणी देखणी आहे, पण तेवढ्यावरून तिला मिंग म्हणायला मी तयार नाही.

या बरण्यांना मर्तबान म्हणतात, ब्रह्मदेशातल्या त्या नावाच्या बंदरावरून. पण त्यातल्या कितीतरी घडल्या दक्षिण चीनमध्ये, आणि जहाजांवरून तेल, पाणी, खारवलेलं अन्न वाहत फिरल्या. 14व्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याला भेट मिळालेल्या मर्तबानांत आलं, मिरी, लिंबू आणि आंबा होता, समुद्रप्रवासासाठी खारवलेला! तुमच्या आईचा प्रश्न म्हणूनच मला फार आवडला.

अडचण ही, की हा घाट शतकानुशतकं फारसा बदललाच नाही. बोर्निओ बेटावरच्या इबान जमातीच्या घरांत जुनी बरणी म्हणजे पिढीजात ठेवा. ती मागणी ओळखून त्याच बेटावरच्या सारावाकमधल्या चिनी कुंभारांनी विसाव्या शतकातही ड्रॅगनच्या बरण्या घडवल्या. उत्तम कामं आहेत ती, पण मिंग नव्हेत. त्यामुळे ड्रॅगनवरून वय ठरत नाही.

बरणी प्रत्यक्ष बघायला जा आणि हात आत घाला. मोठी बरणी भाग-भाग करून जोडलेली असते. पोटाच्या आसपास जोडाचा उंचवटा बोटांना लागतो. ड्रॅगनच्या बरोब्बर मागे आतून खळगा लागला, तर नक्षी वरून चिकटवलेली नाही, अख्खी बरणी साच्यातून निघाली आहे. मग आडवी करून बूड बघा. तिथे सहसा झिलई नसते. खरखरीत, थोडं वेडंवाकडं, भट्टीतली वाळू चिकटलेलं बूड पाहिलं की मला बरं वाटतं. कानांच्या आतली बाजू दोरीने घासून गुळगुळीत झालेली असावी. चिरांमधला मळ सगळीकडे एकसारखा असेल तर तो बहुतेक मुद्दाम भरलेला. शेवटी माठ घेताना वाजवतो तशी वाजवा. बद्द आवाज आला तर तडा शोधा.

एकदा एक बरणी घेताना मी घाईत हे टाळलं. घरी आणून अतिनील दिव्याखाली धरली तेव्हा खांद्याचा तळहाताएवढा तुकडा वेगळाच चमकला: रेझिन भरून वरून रंगवलेला. विक्रेत्याने अवाक्षर काढलं नव्हतं. दुरुस्ती चालते, ती लपवणं चालत नाही. तो दिवा सोबत न्या.

मोठी रक्कम मागत असेल तर थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचा अहवाल मागा. माती शेवटची कधी भाजली गेली याचा अंदाज त्यातून मिळतो, नेमकं साल नाही. शिवाय नमुना बरणीच्या कुठल्या भागातून घेतला, तेही विचारा. जुनं बूड आणि नवं अंग असे जोडलेले नग मिळतात. अहवाल नसेल, तर नव्या सुंदर बरणीला द्याल तेवढेच पैसे द्या.

लोणच्याचं म्हणाल, तर तपकिरी, कडक भाजलेल्या बरणीत शिसं सहसा नसतं. कमी आचेवरच्या हिरव्या-पिवळ्या झिलईत मात्र ते असतं आणि लिंबू-कैरीच्या आंबटपणाने सुटतं. फोटोंवरून तुमची पहिल्या प्रकारची वाटते, तरी आत जुनी डागडुजी असू शकते. लोणच्यासाठी आईला नवी बरणी आणा; हिच्यात कोरडे धने नाही तर नुसत्या छत्र्या ठेवा.